हॅल्वरची करवत आणि थोराचा कठडा

आमच्या घराला गॅरेज आहे आणि आमच्याकडे गाडीही आहे, पण त्या दोघांची गाठ पडून कितीतरी हिवाळे उलटले. गाडी बाहेर बर्फात उभी असते आणि रविवारी सकाळी चर्चला निघण्याआधी मी तिच्या काचेवरचा बर्फ खरवडत असते. खरवडताना मी स्तोत्र म्हणते. ते नाही म्हटलं तर तोंडातून भलतंच काहीतरी निघेल, आणि शेजारचे लोक मेथडिस्ट आहेत. त्यांच्यासमोर आम्हा ल्यूथरनांना ते शोभणार नाही.

गॅरेजात माझा नवरा वर्लिन असतो, आणि त्याची करवत.

वर्लिन हौग्रूड हा काही कुणी मोठा माणूस नव्हे. जन्मभर त्याने जिल्ह्याच्या रस्तेखात्यात बर्फ लोटायची गाडी चालवली. त्या कामात एक मोठी सोय आहे. ते कधी संपत नाही, आणि संपलं नाही म्हणून कुणी बोलही लावत नाही. एका टोकाला पोचावं तर मागे नवा थर पडलेला. निवृत्त झाल्यावर वर्लिनने गाडी खात्याला परत केली, सवय मात्र घरी आणली. आमच्या तळघरात अर्धी होडी आहे. पुढचा भाग फार सुबक आहे, मागचा नाही. भिंतीवरच्या घड्याळाची पेटी आहे, तिच्यात घड्याळ नाही. धाकट्या मुलीसाठी सुरू केलेला पाळणा आहे. तिच्या मुलाला आता मिसरूड फुटलंय. देवाने सहा दिवसांत जग केलं. वर्लिनकडे ते काम असतं तर पहिल्या दिवशी ‘प्रकाश होवो’ म्हणण्याआधी त्याने काळोख नीट घासून घेतला असता.

माणूस वाईट नाही. दारू नाही, शिवी नाही, वर्गणी वेळेवर. फक्त ‘जरा’ हा शब्द त्याच्या तोंडून निघाला, की मी एक वर्ष धरते.

आता कठड्याचं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरून झालं.

आमच्या चर्चमध्ये वेदीपुढे ओक लाकडाचा कठडा होता, अर्धवर्तुळाचा. आमचे पणजे नॉर्वेहून बोटीत बसले तेव्हा बरोबर जी थोडी अक्कल घेऊन आले, त्यातली ही. प्रभुभोजनाच्या वेळी अलीकडच्या अर्ध्या वर्तुळाशी गुडघे टेकायचे ते आपण. उरलेलं अर्धं भिंतीपलीकडे पुरं होतं. तिकडे दफनभूमी आहे आणि तिथे आपले गेलेले लोक त्याच वेळी गुडघे टेकून असतात. पंगत एकच, मध्ये फक्त भिंत. लहानपणी मी भिंतीजवळच्या जागेसाठी बहिणीशी भांडायची, कारण पलीकडे लगेच आजी असणार अशी माझी खात्री होती.

मग गावात गालिचा समिती स्थापन झाली. गालिचा अंथरायचा म्हणून कठडा काढला आणि शेडमध्ये ठेवला, तात्पुरता. एका हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने शेडचं छप्पर बसलं आणि कठड्याचं सरपण झालं. तेव्हापासून आम्ही प्रभूचं भोजन बँकेत रांग लावावी तसं उभ्याने घेऊ लागलो. गालिचा अजून छान आहे. रंग ओटमीलच्या लापशीचा.

हॅल्वर बक्के म्हणाला होता, कठडा मी करून देतो. हॅल्वर गावचा दारं-खिडक्या करणारा. त्याच्याकडे बापाच्या वेळची बँडसॉ होती. माणसापेक्षा उंच, ओतीव लोखंडाची, वरखाली दोन मोठी चाकं आणि त्यांच्यावरून गरगर फिरणारा करवतीचा पट्टा. असली वळणं कापावीत तर तिनेच. हॅल्वरने जाड ओकच्या फळ्या आणल्या, माळ्यावर वाळत टाकल्या, पातळ प्लायवूडवर वळणाचा नमुना कापून पेन्सिलने खुणा केल्या, आणि नंतरच्या आठवड्यात कोंबड्यांना दाणे घालता घालता वारला.

त्याच्या बायकोने, थोराने, वर्लिनला बोलावलं. मीही गेले होते, ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्यांचा हॉटडिश घेऊन.

"करवत घेऊन जा," थोरा म्हणाली. "फळ्या घे, तो नमुनाही घे. मला काही देऊ नकोस. कठडा कर. मी अलीकडे आहे तोवर कर, म्हणजे झालं."

"करणार तर, थोरा," वर्लिन म्हणाला. त्याने टोपी काढून छातीशी धरली होती. "आधी जरा हिला साफसूफ करतो."

मी डोळे मिटले.

"साफ कशाला? चालते की ती."

"चालते हो. उत्तम चालते. पण जरा."

म्हणजे हे नीट ध्यानात घ्या: करवत चालत होती. आमच्या गॅरेजात आली त्या दिवशी तिला वीज लावून लाकूड पुढे सरकवलं असतं, तर उन्हाळ्यापर्यंत कठडा उभा राहिला असता. वर्लिनने तिला लावले पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर. आठवड्याभरात ती गॅरेजभर पसरली. गाडी बाहेर गेली ती तेव्हा.

त्यानंतर माझ्या स्वयंपाकघरावर धाडी पडू लागल्या. काकडीची लोणची घालायच्या दिवसांत मी फडताळ उघडलं, तर व्हिनेगरच्या बाटल्या गायब.

"वर्लिन, व्हिनेगर कुठंय?"

"कुठलं?"

"काकड्यांचं."

"ते होय. त्यात नट भिजतायत. गंज काय सुरेख सुटतो म्हणून सांगू!"

"आणि कपडे धुवायचा सोडा?"

"तो टबात. गंज काढायला त्यात वीज सोडलीय, हात नको घालूस."

चाकांचे आस ज्यात फिरतात तिथे एक मऊ पांढरा धातू वितळवून ओततात. तो कशात वितळवला, हे मला नाताळच्या आधी कळलं, लेफ्सेच्या पातळ पोळ्यांसाठी बटाटे उकडायला काढले तेव्हा.

"हे माझ्या आईचं पातेलं आहे, वर्लिन."

"म्हणून तर घेतलं. असं जाड बूड आता मिळत नाही."

"ह्यात मी बटाटे उकडते!"

"आता नको उकडूस," तो काळजीने म्हणाला. "त्या धातूत शिसं असतं."

त्या रात्री मी सहनशीलतेसाठी प्रार्थना केली. देव प्रार्थना ऐकतो, आणि सहनशीलता हवी असेल तर ती वापरायचे प्रसंगही देतो. पुढचा प्रसंग रंगाचा होता.

संगणकावर ह्या लोकांची एक मंडळी आहे. देशभरातले पुरुष, प्रत्येकाच्या गॅरेजात एकेक उघडं पडलेलं यंत्र, प्रत्येकाची गाडी बर्फात. त्यांचं म्हणणं असं, की यंत्राला कारखान्यातून निघताना जो राखाडी रंग होता, तोच द्यायचा. पण तो राखाडी निळसर होता की हिरवट, यावरून मंडळीत फूट पडलेली. आमच्या आजोबांच्या काळात तारण कुणाचं व्हायचं हे देवाने आधीच ठरवलंय की काय, या वादावरून ह्याच रस्त्यावर समोरासमोर दोन ल्यूथरन चर्चं उभी राहिली होती, आणि सख्खे भाऊ एकमेकांच्या मयताला गेले नव्हते. राखाडीवरून माणसं तेवढीच कडू झालेली मी पाहिली. वर्लिन निळसर पक्षाचा. पलीकडच्या शेतावरचा ड्वेन मोए हिरवट. तरी ड्वेन रोज आमच्याकडे कॉफीला यायचा, आणि दोघं एक रंगवलेला तुकडा खिडकीशी धरून उभे राहायचे, डॉक्टर क्ष-किरणांचा फोटो धरतात तसे.

ह्या ड्वेनच्या गॅरेजात पाच यंत्रं आहेत. एकाखालीही भुसा नाही. त्याची बायको आत जाताना बूट काढते.

आणि ह्या सगळ्यात दर रविवारी, चर्चच्या तळघरात, थोरा कॉफीचा कप घेऊन यायची.

"काय म्हणते करवत?"

"येतेय हळूहळू," वर्लिन म्हणायचा.

"छान."

आमच्या गावात एवढंच बोलतात. केक हवा असेल तरी दोनदा नको म्हणतात, तिसऱ्यांदा ‘अर्धाच’ म्हणतात. फारच वाईट काही झालं, कुणी नवऱ्याला सोडलं किंवा चर्चमध्ये ड्रम वाजवले, तर म्हणतात, ‘वेगळंच आहे.’ त्याच्यापुढची पायरी आमच्या भाषेत नाही.

मग थोराचं कमरेचं हाड मोडलं. ती वृद्धांच्या घरात राहायला गेली. मी दर बुधवारी तिच्याकडे जाऊन पवित्र शास्त्रातला एखादा अध्याय वाचायची. ती वाळत चालली होती, त्या फळ्यांसारखी.

"आता गुडघे काही टेकता यायचे नाहीत," ती एकदा म्हणाली. "खुर्चीवर बसेन. कठड्याला हात लागला तरी पुरे. हॅल्वरच्या बाजूचं टोक दे मला, भिंतीकडचं."

"देऊ की."

"आर्डिस, मी घाई करत नाही हं."

आमच्याकडे याहून मोठ्याने घाई करता येत नाही. घरी येऊन मी वर्लिनला हे जसंच्या तसं सांगितलं. तो गॅरेजात गेला आणि अधिक जोमाने घासू लागला.

अखेर करवत पुरी झाली. खरंच झाली, मी आपल्या डोळ्यांनी पाहिली. निळसर राखाडी, लोणी फासल्यासारखी गुळगुळीत, पितळी पट्टी अशी चमकणारी की तिच्यात पाहून केस विंचरावेत. एका शनिवारी आसपासचे सगळे यंत्रवाले पुरुष टोप्या घालून जमले. मी कॉफी आणि लिंबाच्या वड्या दिल्या. वर्लिनने बटण दाबलं आणि करवतीच्या टेबलावर पाच सेंटचं नाणं कडेवर उभं केलं. चाकं फिरत होती, पट्टा धावत होता, आणि नाणं उभंच. ह्या लोकांची हीच परीक्षा, यंत्र तेवढंही थरथरता कामा नये. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. एकाने डोळे पुसले. ड्वेन म्हणाला, "रंग चुकला, पण काम देवदुर्लभ आहे."

लाकूड कुणी कापलं नाही. तसं कुणी सुचवलंसुद्धा नाही.

सोमवारी पाहते तर करवतीवर माझी गोधडी. लग्नात आजीने दिलेली, तारे शिवलेली.

"आता काप की कठडा," मी म्हटलं.

"कापणारच. पण ओकमध्ये आम्ल असतं. टेबलावर काळे डाग पडतील."

मंगळवारी हवा दमट होती. त्याच्या पुढच्या आठवड्यात पट्टा नवा होता, त्याला अजून ताण सोसायची सवय नव्हती. मग कोरडी हवा आली. ती फार कोरडी होती. रोज सकाळी तो गोधडी काढायचा, मऊ फडक्याने करवत पुसायचा, नाणं उभं करायचा, पाहायचा, आणि गोधडी घालायचा. आजारी माणसाची इतकी सेवा मी पाहिली नाही.

मी आमच्या पास्टर ब्रिटाला सांगून पाहिलं. मुलगी तरुण आहे, पण धीट आहे. तिने पुढच्या रविवारी धन्याने दिलेलं द्रव्य जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराच्या दाखल्यावर प्रवचन केलं आणि सगळा वेळ आमच्या बाकाकडे बघत होती. बाहेर पडताना वर्लिनने तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"फार सुंदर बोललात, पास्टर. ड्वेनने ऐकायला हवं होतं."

त्या बुधवारी मी शास्त्र मिटलं आणि थोराला सगळं सांगून टाकलं. गोधडीचं, फडक्याचं, नाण्याचं. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. मग म्हणाली:

"वेगळंच आहे."

माझ्या हातून कॉफीचा चमचा पडला.

"शनिवारी मला घेऊन चल," ती म्हणाली.

शनिवारी मी काच खरवडली आणि तिला आणलं. चार पायांची आधाराची चौकट घेऊन ती पाऊल पाऊल करत गॅरेजात शिरली. ड्वेन होताच. वर्लिनने गोधडी अशी काढली, जशी पाळण्यावरची मच्छरदाणी काढतात.

थोराने करवत वरपासून खालपर्यंत पाहिली.

"हॅल्वरकडे हिरवी होती."

"तो मूळचा रंग नव्हता, थोरा," ड्वेन हळूच म्हणाला.

"माहीत आहे. कोंबड्यांच्या खुराड्याचा उरला होता, तो त्यानेच फासला." ती थोडं पुढे झाली. "सुरेख केलीस हो, वर्लिन. इतकी सुरेख ती कधीच नव्हती. चालते का?"

वर्लिनचा चेहरा उजळला. त्याने बटण दाबलं, खिशातून नाणं काढलं, टेबलावर उभं केलं. करवत मांजरासारखी गुरगुरली. नाणं उभं राहिलं. आम्ही सगळे नाण्याकडे बघत राहिलो.

"नाणं कापायचंय का?" थोराने विचारलं.

वर्लिनने यंत्र बंद केलं. चाकं हळूहळू थांबली.

"तसं नाही, थोरा. कापायचंच आहे. फक्त हवा जरा... आणि ते लाकूड जड, चढवताना कुठे लागलं म्हणजे... एकदा का पहिला ओरखडा पडला, की मग ती..."

"मग ती काय?"

"मग ती नवी राहत नाही," वर्लिन म्हणाला. अगदी लहान आवाजात म्हणाला.

"अच्छा. म्हणजे भीती ओरखड्याची."

ड्वेन आपल्या बुटांकडे बघू लागला.

थोराने चौकटीवरचा एक हात सोडला आणि टेबलावरचं नाणं उचललं. मला वाटलं ती ते खिशात टाकणार. तिने ते करवतीच्या उभ्या खांबावर टेकवलं, बरोबर पितळी पट्टीच्या शेजारी, आणि जोर देऊन खाली ओढलं. सावकाश. वीतभर. तो आवाज अजून माझ्या दातांत आहे. निळसर राखाडीची साल निघाली आणि आतलं लोखंड पांढरं दिसलं.

ड्वेनने टोपी काढली. मयत जाताना काढतात तशी.

"झालं," थोरा म्हणाली, आणि नाणं वर्लिनच्या तळहातावर ठेवलं. "आता ती जुनी. लाकूड आण."

अशा वेळी प्रार्थना सुचायला हवी होती. मला हसू फुटलं आणि मी मफलर तोंडात कोंबला. वर्लिन ओरखड्यावरून अंगठा फिरवत होता, वर, खाली, पुन्हा वर. इतकी वर्षं मी ह्या माणसाबरोबर काढली आहेत. तो रडेल की ओरडेल, मला सांगता येईना. त्याने दोन्हींतलं काहीच केलं नाही. एक लांब श्वास सोडला, खूप वेळ जड काहीतरी धरून उभा असलेला माणूस सोडतो तसा.

"ड्वेन," तो म्हणाला, "माळ्यावरचा ओक खाली घे."

"आज?"

"मग कधी?" वर्लिनच्या तोंडचे हे शब्द मी प्रथमच ऐकत होते.

बागेतली घडीची खुर्ची आणून आम्ही थोराला बसवलं आणि तिच्या पायांवर माझी गोधडी घातली. वर्लिनने हॅल्वरचा नमुना फळीवर ठेवून खुणा गिरवल्या, बटण दाबलं आणि फळी पुढे सरकवली. करवतीने सूर धरला. ओकचा आंबूस, गोड वास गॅरेजभर झाला. भुसा टेबलावर पडला, राखाडीवर पडला, ओरखड्यात बसला, गोधडीवरच्या ताऱ्यांवर उडाला. थोराने तो झटकला नाही.

पुढचं काम वर्लिनने केलं, दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. तुकडे जोडले, खांब बसवले, तेल चोळलं. मध्ये गालिचा समितीची सभा झाली. कठड्याच्या खांबांसाठी गालिच्याला भोकं पडणार होती, त्यावर बोलता बोलता कॉफीची दोन भांडी संपली. शेवटी पास्टर ब्रिटाने विचारलं, की भिंतीपलीकडच्या मंडळींचं मत घ्यायचं का? कारण संख्येने ते जास्त आहेत. ठराव पास झाला. ड्वेनने ओरखडा बुजवायला रंग आणून दिला. हिरवट होता. वर्लिनने आभार मानले आणि डबा तळघरातल्या अर्ध्या होडीत ठेवून दिला.

इस्टरच्या रविवारी आम्ही पुन्हा गुडघे टेकले. माझ्या गुडघ्यांनी कुरकुर केली आणि मला गालिच्याबद्दल समितीचे मनातल्या मनात आभार मानावे लागले. थोराची चाकांची खुर्ची मी भिंतीकडच्या टोकाला लावली. भाकर घेताना तिने एकच हात पुढे केला. दुसरा तिने कठड्याच्या टोकावर ठेवला होता, जिथे तो भिंतीला भिडतो, आणि उपासना संपली तरी काढला नाही. लोक खाली कॉफीला गेले. आम्ही थांबलो.

वर्लिन टोपी पिळत तिच्याजवळ आला.

"कसा झालाय, थोरा?"

"छान," ती म्हणाली. मग लाकडावर बोटं फिरवत म्हणाली, "हे टोक तेवढं खरखरीत राहिलंय."

वर्लिन लाल झाला. "उद्याच येऊन घासतो."

"राहू दे," थोरा म्हणाली. "तिकडून हॅल्वर घासेल."